काळी एकच्या फटीतला दाणा

टेरी ब्रॅडवेलचं यंत्र निमकरांच्या घरी आलं ते पाहुणं म्हणून. सन अठ्ठ्याहत्तर, सप्टेंबर महिना, कुवेतमधल्या जाब्रियातल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. उदय निमकर आणि टेरी ते जिन्यानं वर चढवत होते, कारण लिफ्टमध्ये ते आडवं मावत नव्हतं आणि उभं करायला टेरी तयार नव्हता. "ईझी, ऊडे, ईझी! शी इज अ लेडी!" असं तो दर पायरीला ओरडायचा आणि उदय दर पायरीला "यस, यस" करायचा. वर दारात उदयची बायको रत्नमाला उभी होती. कोण लेडी येते आहे म्हणून तिनं घाईघाईनं केसांवरून फणी फिरवून घेतली होती.

वर पोचलं ते एक काळं धूड. पट्ट्या पेटीसारख्या, पण पट्ट्यांच्या वर ही एवढी बटणं आणि सरकत्या कळा.

"हे काय, रिफायनरीतून उचकटून आणलंत?" रत्नमालानं विचारलं.

विचारणं रास्त होतं. उदय मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता, टेरी त्याच विभागात त्याचा इंग्रज जोडीदार, आणि दोघांचा दिवस असलीच बटणं पिळण्यात जायचा. पण हे टेरीचं स्वतःचं होतं. सिंथेसायझर. वीज आत जाते, सूर बाहेर येतो, आणि मध्ये काय होतं ते टेरीच्या म्हणण्याप्रमाणे देव आणि जपानी लोक दोघांनाच ठाऊक. टेरी सहा आठवड्यांच्या रजेवर विलायतेला निघाला होता, अहमदीतल्या त्याच्या क्वार्टरचा एसी बंद पडला होता, आणि या बाईसाहेबांना उकाडा सोसत नव्हता.

"शी गोज आउट ऑफ ट्यून इन द हीट, मिसेस रॅटना," टेरी हळहळून म्हणाला.

"म्हणजे गरम झालं की बेसूर. आमच्या ह्यांचंही तसंच आहे."

उदयनं याचं भाषांतर केलं नाही.

टेरीची अट एकच, एसी रात्रंदिवस चालू. बाकी हात लावू नका वगैरे काही नाही. उलट उदयकडून त्यानं ऐकलं होतं की बाई वाजवतात. "यू प्ले, डोन्ट यू? सो प्ले!" म्हणाला आणि गेला विमानतळावर.

बाई वाजवत होत्याच. दिवसा रत्नमाला जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायची. छातीला तारा चिकटवून "हलायचं नाही, बोलायचं नाही, घाबरायचं तर नंतर घाबरा" असं मराठी, हिंदी आणि मोडक्या अरबीत बजावायची, आणि कागदावर ती सुई थरथरत धावायला लागली की तोंडानं तोच ठेका धरायची. चिपळूणला तिचे वडील भजनात पेटी वाजवत. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून तिनं बोटं बसवली होती. कुवेतच्या मराठी मंडळात गणपती असो, दिवाळी असो, कोणी गळा काढला की पेटीवर रत्नमाला, हे ठरलेलं.

पहिल्या दिवशी तिनं यंत्र चालू केलं आणि डावा हात आपोआप पट्ट्यांच्या मागे गेला, भाता शोधायला. भाता नव्हता. हात बिचारा रिकामा लोंबकळत राहिला. उजव्या हातानं तिनं तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर दोनच वाजल्या, सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची. मधली मुकी.

"एका वेळी दोनच सूर?" ती उदयला म्हणाली. "एवढं धूड, आणि गळा दोनच माणसांचा?"

पण दोन दिवसांत डाव्या हाताला काम सापडलं. एसी गारठला की सूर एकीकडे जायचा, एसीनं दम खाल्ला की दुसरीकडे. सूर जागेवर आणायला डावीकडे एक गोल बटण होतं. भाता ओढता ओढता हवा किती उरली ते हाताला कळतं, तसं ते बटण किती फिरवायचं ते तिच्या हाताला कळायला लागलं. टेरीसुद्धा त्या बटणाला फक्त सुरुवातीला हात लावायचा. ही बाई सगळा वेळ त्याच्यावर हात ठेवून वाजवायची.

शेजारच्या दारात युनूसभाई आणि रहिमाभाबी. राजापूरकडची माणसं. युनूसभाई अर्दियाच्या एका गोदामात टेप आणि कॅसेटींचा हिशेब बघायचा, आणि रहिमाभाबी दोन्ही घरांचा.

तर खंडेनवमी आली. पाटावर उदयचे पाने मांडले, स्क्रू-ड्रायव्हर मांडले, विळी, कात्री, रत्नमालाची पेटी. झेंडू कुवेतला कुठला? रहिमाभाबीच्या गॅलरीतल्या डब्यातली सदाफुली आली. अक्षतांना घरात बासमती होता, पण रत्नमालाला पूजेला गावचाच तांदूळ हवा, आणि रहिमाभाबीचा भाऊ नुकताच राजापूरहून जाडा तांदूळ घेऊन आला होता.

"मुठीत काय नेतेस गो? देवाला हाय नं? वाटी भरून ने," रहिमाभाबीनं दटावलं.

पूजा संपत आली तशी रत्नमालाची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. "ते राहिलं."

"ते आपलं नाही गं," उदय म्हणाला.

"घरात आहे ना? सगळ्या हत्यारांना हळदकुंकू आणि त्या एकट्याला कोरडं ठेवायचं? काय वाटेल त्याला!"

"टेरीला?"

"टेरीचं काय घेऊन बसलात. यंत्राला."

मग यंत्राच्या लाकडी बगलेला हळदकुंकवाची बोटं लागली, पट्ट्यांवर चार अक्षता पडल्या, एक सदाफुली बसली, आणि रत्नमालानं वाकून पेटीला करते तसा त्यालाही नमस्कार केला. कपाळ टेकवून, चांगला दाबून.

दसऱ्याच्या सकाळी तिनं यंत्र चालू केलं. पट्टीला बोट लावायच्या आधीच आवाज आला, "हूंऽऽऽऽ."

बोट लावलं नाही तरी हूं. बटणं फिरवली तरी हूं. दार वाजलं. बाहेर रहिमाभाबी. "फ्रिज बिघडला काय गो तुमचा?"

रत्नमाला वाकून बघते तर कपाळ टेकलेल्या जागी काळी एक ही पट्टी खाली गेलेली, आणि तिच्या फटीत जाड्या तांदळाचा एक दाणा, पाचर मारल्यासारखा. नखानं काढायला गेली तर अजून आत.

"उघडू नकोस," उदय घाबरून म्हणाला. रोज कोट्यवधींची यंत्रं उघडणारा माणूस. "ते टेरीचं आहे. आत आणखी काही गेलं तर तो मला भट्टीत घालील."

रत्नमालानं यंत्राला कान लावला. मग तिनं उजव्या हातानं वरच्या पट्टीवर पंचम लावला. खाली हूं तसाच चालू, आणि त्याच्यावर पंचम. मग धैवत, मग वरचा सा. खालचा जागचा हलत नव्हता. यंत्राला गळे दोनच होते, पण एक आता तंबोरा होऊन बसला होता आणि दुसरा मोकळा सुटला होता. तिनं बसल्या बसल्या भूप वाजवायला घेतला. रहिमाभाबी दारातच टेकली. भाजी करपली तेव्हा उठली.

"फ्रिज नाय हा," जाता जाता म्हणाली. "हा कायतरी येगलाच हाय."

टेरी परत आला तो बातमी घेऊनच. विलायतेत त्याच्या गावच्या एका मित्रानं बँड काढायचं ठरवलं होतं, नोकरी सोडायची, महिनाअखेर कायमचं जायचं. यंत्र न्यायला आला, चालू केलं, आणि हूं ऐकून जागच्या जागी उभा राहिला.

रत्नमालानं पदर घट्ट धरला. उदय भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

"व्हॉट हॅव यू डन टू हर?" टेरी हळूच म्हणाला.

मग रत्नमालानं, बोलण्यापेक्षा बरं म्हणून, बसून भूपच वाजवला. टेरी जमिनीवर मांडी घालून बसला. त्याची मांडी कधीच नीट बसायची नाही, एक गुडघा कायम आभाळाकडे. वाजवून झाल्यावर म्हणाला, "इट्स द हीट, इजन्ट इट? द कुवेत हीट हॅज डन समथिंग टू हर. ब्युटिफुल!"

उकाड्यानं झालं म्हणतो आहे तर होऊ दे बापडं, असं उदयनं डोळ्यांनी सांगितलं. देवाचा दाणा, पूजा, कपाळ, हे इंग्रजीत सांगायचं कसं आणि सांगितलं तर त्याला राग येईल की हसू, या विचारातच रत्नमालाचा सुट्टीचा शुक्रवार संपला आणि यंत्र जिन्यावरून खाली गेलं. "ईझी, ऊडे, ईझी!" खालून टेरी ओरडला, "मिसेस रॅटना! व्हेन आय ॲम डन विथ हर, शी इज युअर्स! प्रॉमिस!"

दिवाळीच्या तालमीला रत्नमाला मंडळात गेली तेव्हा पोटात हे मावत नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर हरीश आगटे. हाडांचे डॉक्टर, पुण्याचे, आणि नाट्यपदं गाणारे. बोलायच्या आधी ते चष्मा काढत, पुसत, परत लावत, आणि मग "त्याचं काय आहे" पासून सुरुवात करत. रत्नमालानं सगळं सांगितलं. एकच यंत्र, सा स्वतःच धरून ठेवतं आणि वर पेटीही वाजते.

चष्मा निघाला, पुसला, बसला. "त्याचं काय आहे, रत्नमालाबाई. तंबोऱ्याला एक माणूस लागतो आणि पेटीला एक. दोन्ही एकच यंत्र करतं म्हणता, तर ऐकवा."

"ते गेलं विलायतेला. पण मी स्वतः वाजवलंय."

"हां हां. वाजवलं असेल. पण ऐकलं कोणी?"

"ह्यांनी ऐकलं. रहिमाभाबींनी ऐकलं."

"रहिमाभाबींना तो फ्रिज वाटला होता, असं युनूसभाई सांगत होते."

सगळी तालीम हसली. हसणं काही दुष्ट नव्हतं. पण रत्नमालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थाप हा शब्द कोणी उच्चारला नाही, आणि तरी तो खोलीत सतरंजीवर मांडी ठोकून बसलेला तिला दिसला.

"ठीक आहे डॉक्टर," ती म्हणाली. "आता स्टेजवर बसेन तर ते यंत्र घेऊनच बसेन. तोवर माझी पेटी घरी."

लोकांना वाटलं, रागात आहे, गणपतीपर्यंत येईल. गणपती आला, रत्नमाला समोर खुर्चीत बसली. दुसरा गणपती आला, ती प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. पेटीला राजन नावाचा अकाउंटंट बसायला लागला. बोट गोड, पण अभंग असो की आरती, दोन ओळींच्या मध्ये सिनेमातल्या नायिकेनं झाडाला गिरकी घ्यावी अशी एक गिरकी घ्यायचाच. आगटे डोळे मिटून सोसत. आणि कुठल्याही कार्यक्रमाला कोणीतरी हसत विचारायचंच, "काय रत्नमालाताई, आली का तुमची लेडी विलायतेहून?"

"येईल," ती म्हणायची.

लेडी येईना, पण लेडीचा आवाज आला. एक्क्याऐंशी साल, शुक्रवारची दुपार, रेडिओवर इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम. निमकरांची आठ वर्षांची लेक तारा ओरडत आली, "आई, कम फास्ट! युअर फ्रिज इज ऑन द रेडिओ!"

हूंऽऽऽ. काळी एक. तोच. त्याच्यावर टेरीचा सपाट, झोपेतून उठल्यासारखा आवाज, आणि मागे ठोक ठोक ठोक असा पंपाचा ठेका. त्यानंतर टेरीचं नाव, आणि पुढं निवेदक म्हणाला की हे विलायतेत सध्या तिसऱ्या नंबरावर आहे. रत्नमाला लाटणं हातात घेऊन उभीच राहिली.

युनूसभाईनं आठवड्यात कॅसेट पैदा केली. कव्हरवर टेरी. केस चपचपीत मागे वळवलेले, अंगात करडा कोट, चेहरा असा की हसू जप्त केलंय.

"मय्यताला उभा रवतात तसा उभा हाय," युनूसभाई म्हणाला.

"पेपरात त्याला नव्या संगीताचा आद्य पुरुष म्हटलंय," उदयनं वाचून सांगितलं. ढोल नाही, गिटार नाही, दोन माणसं आणि चार यंत्रं. असं आधी कोणी केलं नव्हतं म्हणे.

"आद्य पुरुष!" रहिमाभाबी म्हणाली. "त्याला चपाती तोडायची पन ठाव नव्हती. काट्यानं खायचा मेला."

रत्नमाला ती कॅसेट घेऊन आगट्यांकडे गेली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, हे खरं. चष्मा पुसला. "त्याचं काय आहे, सा उत्तम आहे. पण हे रेकॉर्डिंग. टेपवर काय, दहा वेळा जोडून माकडालाही भैरवी गाता येईल. समोर बसून वाजवलेलं ऐकवा, मी स्वतः गातो साथीला. आहे कबूल?"

"कबूल," रत्नमाला म्हणाली. कबूल करण्यासारखं हातात काहीच नव्हतं, तरी.

मग टेरीची भरभराट झाली आणि ती जाब्रियात कॅसेटी-मासिकांतून हप्त्याहप्त्यानं पोचली. जर्मनीत गेला. जपानला गेला. केस पांढरे रंगवले. एका मासिकात त्याला विचारलं होतं, हा तुमचा प्रसिद्ध गुणगुणता सूर आला कुठून? तर म्हणाला, वाळवंटातून. कुवेतच्या उकाड्यानं माझ्या यंत्राच्या आत काहीतरी वितळलं, आणि वाळवंट स्वतः गायला लागलं.

उदयनं हे वाचून दाखवलं तेव्हा रहिमाभाबी हसून हसून पलंगावर आडवी झाली. "वालवंट! माझ्या भावानं बोटीतून आणलेला तांदूल, आणि म्हनतो वालवंट!"

रत्नमालाही हसली. पण नंतर म्हणाली, "सांगायला हवं होतं हो त्याला."

"आता कशाला?" उदय म्हणाला. "वाळवंटाला जास्त भाव आहे."

त्र्याऐंशीत दुसरी रेकॉर्ड आली. रत्नमालानं दोन्ही बाजू ऐकल्या, परत ऐकल्या. यंत्रं जास्त होती, बायका मागे गात होत्या, पण हूं नव्हता. कुठल्याच गाण्यात नव्हता. कंटाळला असेल त्या आवाजाला, असं तिनं मनाशी ठरवलं आणि कॅसेट तळाशी ठेवली. विलायतेनंही तेच केलं असावं, कारण त्यानंतर टेरीचं नाव मासिकात शेवटच्या पानांकडे सरकत गेलं आणि मग दिसेनासं झालं. तोवर सगळ्यांकडे तसलीच यंत्रं झाली होती, तीही नवी, आकडे दाखवणारी, उकाड्यानं बेसूर न होणारी.

आणि चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात टेरीचं कार्ड आलं. दोन ओळी. स्टेजचं काम सोडलं आहे, जाहिरातींना संगीत देतो, बरं चाललं आहे. लेडी निघाली आहे, ती तुमची.

त्या वर्षी दसरा गुरुवारी आला होता आणि संध्याकाळी साल्मियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. रत्नमालानं आगट्यांना फोन करून सांगितलं, "डॉक्टर, गुरुवारी तुमच्या साथीला मी बसते." पलीकडे चष्मा पुसला जात असणार. "त्याचं काय आहे," आवाज आला, "शब्द तो शब्द. मी राजनना सांगतो." आणि राजनला सांगितलं म्हणजे कुवेतभर सांगितलं.

लेडी मात्र विमानतळाच्या कस्टममध्ये अडकली ती सुटेना. उदय रोज जायचा, रोज "बुकरा", उद्या या. शेवटी गुरुवारी सकाळी एका अधिकाऱ्यानं खोकं उघडलं.

"शिनू हादा?" हे काय?

"मुसीका," उदय म्हणाला.

"मुसीका? यल्ला, वाजव."

उदयला आयुष्यात एकच सूर वाजवता येत होता, तोही अलार्मचा. त्यानं यंत्राची वायर भिंतीत खुपसली, शेजारच्या टेबलावरचा रेडिओ-टेप त्याला जोडला आणि सगळ्यात खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. अख्ख्या गोदामात घरघर झाली. दोन हमाल मागं वळून बघायला लागले.

"हादा मुसीका? हादा तय्यारा!" हे तर विमान! अधिकारी पोट धरून हसला. उदयनं बोट उचललं, आवाज बंद झाला, शिक्का बसला, आणि उदय हुश्श करून यंत्र थेट हॉलवर घेऊन आला.

बोट उचललं आणि आवाज बंद झाला, यात काही वावगं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. ते रत्नमालाच्या आलं. स्टेजमागच्या खोलीत तिनं यंत्र चालू केलं आणि वाट बघितली. शांतता. तिनं वाकून पाहिलं. काळी एक इतरांसारखी वर, ताठ. पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, बटणांभोवती धूळ नाही, बगलेवरचं कुंकूसुद्धा पुसलेलं. खोक्यात एका दुकानाची चिठ्ठी होती, ब्याऐंशी सालची: संपूर्ण साफसफाई आणि दुरुस्ती.

"अगं बाई," रत्नमाला खुर्चीवर बसली. "म्हणून दुसऱ्या रेकॉर्डमध्ये नव्हता हो तो. काढून टाकला त्यांनी. आणि टेरीला कळलंच नसणार काय गेलं ते. तो उकाडा शोधत बसला असेल तिकडं."

बाहेर हॉल भरत होता. पडद्यामागून कोणीतरी विचारलं, "आली का लेडी?" आणि या वेळी "आली" असं उत्तर गेलं, त्यामुळे पंचाईत आणखीच वाढली. एक सूर धरून ठेवायला आणि एक वाजवायला दोन्ही हात लागणार, आणि डावा हात बटणावर नसला तर एवढ्या माणसांच्या उष्म्यात यंत्र घसरत जाणार. सहा वर्षांचा शब्द, आणि तो खरा करायला एक दाणा कमी.

"तांदूळ तर आहे की," उदय म्हणाला आणि सरस्वतीपुढचं अक्षतांचं ताट घेऊन आला.

बासमती. रत्नमालानं एक दाणा फटीत घातला, पट्टी दाबली. दाणा सडपातळ, सुळकन आत गेला आणि पट्टी वर आली. दुसरा मोडला. तिसरा उडून उदयच्या चष्म्याला लागला.

रहिमाभाबी दारातून हे बघत होती. काही न विचारता वळली आणि व्हरांड्यात जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अवो, गाडी काडा. जाडा तांदूल हवा."

"आता? बिर्यानी करतेस काय इथं?"

"रत्नाच्या पेटीत घालायचा हाय. जावा!"

युनूसभाई गेला. आत निवेदन झालं, सरस्वतीवंदना झाली, लहान मुलांचा नाच झाला आणि वन्स मोअर आला म्हणून परत झाला. आगटे खोलीत आले. रेशमी कुर्ता, गळ्याशी मफलर, एसीत गळा धरू नये म्हणून. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, रत्नमालाकडे पाहिलं, आणि चष्मा न काढता म्हणाले, "रत्नमालाबाई, काही अडचण असेल तर पेटी आहे. कोणी काही म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही."

ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच रत्नमालाला ते जास्त लागलं.

"डॉक्टर, तुमची पट्टी काळी एकच ना अजून?"

"काळी एकच."

"मग बसा तुम्ही. मी आले."

युनूसभाई धापा टाकत आला, खांद्यावर अख्खं पोतं. "किती लागंल ता बोललीच नाय ही," तो म्हणाला. रत्नमालानं पोत्याचं तोंड सोडलं, चिमूट घेतली, तळहातावर पसरून त्यातला एक गुबगुबीत, अखंड दाणा निवडला, आणि स्टेजवर गेली.

पडदा उघडला. तबलजी, आगटे, आणि टेबलावर ती काळी लेडी. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. रत्नमालानं यंत्र चालू केलं, दाणा फटीवर ठेवला, हात जोडले, आणि वाकून कपाळ टेकवलं. चांगलं दाबून. लोकांना वाटलं, वाद्याला नमस्कार केला. नमस्कारच होता तो.

हूंऽऽऽऽ.

तिनं डोकं वर केलं. हात पदरात होते. सूर चालू होता. आगट्यांनी मान वळवून तिच्या हातांकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग परत हातांकडे. तिनं उजवा हात उचलून वरच्या पट्ट्यांवर भूपाची एक छोटी लकेर घेतली आणि डावा हात बटणावर ठेवला.

आगट्यांनी डोळे मिटले, सा लावला. लागला तो असा लागला की त्यांनी पहिली ओळ घ्यायला उशीरच केला. नुसते त्या सा मध्ये उभे राहिले. मग गायले. दारं उघडमीट होत होती, हॉल तापत होता, यंत्र मधूनच वर सरकायला बघायचं आणि रत्नमालाचा डावा हात केसभर फिरून त्याला परत खाली आणायचा. वडिलांचा भाता ओढायचा हात तो. दोन ओळींच्या मध्ये तिनं एकही गिरकी घेतली नाही. तिसऱ्या रांगेत राजन हात जोडून बसला होता, बहुधा सुटल्याबद्दल.

पद संपलं. टाळ्या थांबल्या तरी हूं चालूच होता, कारण तो बंद करायचा तर नखानं दाणा काढायला हवा. आगट्यांनी चष्मा काढला. पुसला. पुसतच राहिले.

"त्याचं काय आहे," ते माईकवर म्हणाले. "त्याचं काही नाही. या बाई खरं बोलत होत्या."

पुढच्या आठवड्यात रत्नमाला टपालाचं खोकं बांधत होती. आत कार्यक्रमाची कॅसेट, टेरीला इंग्रजीत लिहिलेला एक कागद, ज्यात खंडेनवमी, नमस्कार आणि कपाळ एवढं समजवायला उदयनं संध्याकाळभर डोकं खाजवलं होतं, आणि रहिमाभाबीनं शिवून दिलेली एक छोटी पिशवी. रहिमाभाबीनं ती हातात तोलून पाहिली होती. "एवढासाच? वाटीभर तरी घाल गो. आद्य पुरुष हाय तो."

उदय कस्टमचा फॉर्म भरत होता. "कॅसेट एक. कागद एक. आणि या पिशवीला काय लिहू? तांदूळ लिहिलं तर तिकडं अडवतील."

रत्नमालानं सुतळीची गाठ दातानं ओढून घट्ट केली.

"स्पेअर पार्ट लिहा," ती म्हणाली.